ओंब्रेवालला नेलेली पाई

डेझमंड टॅपसेलच्या पाईला फ्रान्समध्ये अटक झाली ती दोन हजार बावीसच्या जूनमध्ये. अटक हा त्याचाच शब्द. कागदावर त्यांनी 'जप्त' असं लिहिलं होतं, पण डेझमंडला ते पुरेसं वाटत नाही. तो म्हणतो, जप्त वस्तू होते, अटक आपल्या माणसाला होते.

आमचं गाव टॉपलहर्स्ट, इंग्लंडच्या केंट परगण्यात. डोव्हरच्या बंदरापासून गाडीने पाऊण तास. इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रान्समध्ये ओंब्रेवाल नावाचं तेवढंच गाव आहे, आणि एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली या दोन गावांनी एकमेकांना जोडगाव मानलं. तेव्हापासून एका वर्षी जूनमध्ये ते आमच्याकडे येतात, पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे जातो. ते येताना चीज आणतात. आम्ही जाताना पोर्क पाई नेतो. साधीसुधी नव्हे, सोळा किलोची. कणकेच्या बोटभर जाड भिंती, आत ठेचलेलं डुकराचं मांस, मधे थरथरणारी जेली. आधी डेझमंडचा बाप करायचा, मग डेझमंड करायला लागला. दोघेही गावचे खाटीक, आणि दोघांचीही दाढी छातीपर्यंत.

बावीस साली नेहमीप्रमाणे आम्ही मिनीबसमध्ये बसलो, पाई मांडीवर आळीपाळीने घेतली आणि बोटीने फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरलो. आपण आता युरोपीय संघात नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पाईला ते लागू होतं हे सुचणं वेगळं. कस्टमच्या तरुण पोऱ्याने खिडकीतून डोकावून विचारलं की मांस किंवा दुधाचं काही आहे का बरोबर. पुढच्या सीटवर आमच्या समितीच्या अध्यक्षा, विनिफ्रेड गार्स्टँगबाई बसल्या होत्या. वय शहात्तर. तीस वर्षं गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मला शिकवलं त्यांनीच, डेझमंडला शिकवायचा प्रयत्न केला तोही त्यांनीच. बाई जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "सोळा किलो."

बाहेरच्या देशातून मांस आणायचं नाही असा संघाचा नियम, आणि आता बाहेरचा देश म्हणजे आम्ही. पोऱ्याने माफी मागितली. दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखी पाई उचलली आणि पिवळ्या पिंपाकडे नेली. ती पिंपात मावेना. दुसरा आला, त्याने तिरपी करून पाहिली. मग तिसरा आला आणि त्याने वरून जोर लावला. डेझमंड हे सगळं काचेला नाक लावून बघत होता.

यातली गोम अशी की दोन हजार सोळाच्या मतदानाच्या वेळी 'संघातून बाहेर पडा' असा आख्ख्या गावातला सगळ्यात मोठा फलक डेझमंडच्याच दुकानावर होता. इतका मोठा, की त्यामागे सॉसेज दिसेनात आणि त्या महिन्यात विक्री बसली. कॅलेपासून ओंब्रेवालपर्यंत बसमधल्या चौदा जणांच्या मनात तोच फलक होता. सगळे खिडकीबाहेरच्या गाई मोजत होते.

ओंब्रेवालला म्हातारे ओनोरे देल्प्लांक ताटं मांडून उभे होते. ते त्यांच्या समितीचे अध्यक्ष. पाई मनाने आपल्यात आहे असं भाषण त्यांनी केलं आणि आम्ही पावाला मोहरी लावून खाल्ली.

पुढच्या वर्षी ओंब्रेवालवाले आमच्याकडे आले. चीज घेऊन, राजरोस. डोव्हरला त्यांना कुणी हटकलं नाही. डेझमंड माझ्याकडे आला. मी समितीचा चिटणीस, त्यामुळे जगात काही चुकलं की माझ्याकडे येण्याची गावाला सवय आहे.

"लायोनेल, त्यांचं इकडे येतं आणि आपलं तिकडे जात नाही. हे कसं काय?"

मी म्हटलं, त्यांनी तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली. आपल्या सरकारने ती चार-पाच वेळा पुढे ढकलली.

"मग आपण बाहेर पडलो कशाला?"

हे वाक्य आपण नेमकं कुणाच्या तोंडून ऐकतोय हे लक्षात येऊन माझ्या घशात चहा अडकला. डेझमंडने माझ्या पाठीत चांगले दोन धपाटे घातले, पण आपण काय बोललो ते काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

चोवीस सालच्या जानेवारीत गार्स्टँगबाईंनी बैठक बोलावली. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की या जूनला पाई जाणार, आणि कायद्याने जाणार. लपवून नाही, रडून नाही. जे फॉर्म असतील ते भरायचे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत फळा पुसायला कोण येतंय असं विचारून त्या माझ्याकडेच पाहायच्या, तसंच.

डोव्हरचा एक कस्टम एजंट फोनवर मदत करायला तयार झाला. त्याचा पहिला प्रश्न होता, हा पदार्थ मांस आहे की पाव? मी डेझमंडला विचारलं. तो म्हणाला, पाई आहे. एजंट म्हणाला, पाई असा रकाना नाही. आत पाचव्या हिश्श्याहून जास्त मांस असेल तर ते मांस. डेझमंडने सांगितलं की पाचवा हिस्सा मांस घालणाऱ्याला आमच्या गावात राहू देत नाहीत. तेव्हा मांस ठरलं.

दुसरा रकाना किमतीचा. भेटवस्तू असली तरी किंमत लिहावीच लागते, कारण जकात लागायची तर ती कशावर लावणार? हा रकाना बाईंनी स्वतः भरला. त्यांनी लिहिलं, 'अमूल्य'. फॉर्म परत आला. त्यांनी लिहिलं, 'खरोखर अमूल्य'. तिसऱ्या खेपेला मी त्यांना न सांगता एक आकडा टाकला.

मग निघालं जन्मस्थानाचं प्रकरण. माल इथलाच आहे हे सिद्ध झालं तर जकात शून्य, नाही तर भरा. एजंट एकेक जिन्नस विचारत गेला आणि मी डेझमंडच्या दुकानात उभा राहून एकेक उत्तर कळवत गेलो. डुक्कर ससेक्समधलं, मालकासकट ओळखीचं. चरबी त्याच डुकराची. अंडी डेझमंडच्या मेव्हणीची, म्हणजे तिच्या कोंबड्यांची. मीठ चेशरचं. मिरी?

डेझमंडने डबा उलटा करून चिठ्ठी वाचली आणि खुर्चीवर बसला.

"व्हिएतनाम," तो म्हणाला.

एजंट म्हणाला, मिरीचं एवढं काही नाही, तेवढं माफ असतं. पण डेझमंडला ते माफ होईना. आयुष्यभर देश देश करत आलो, तो म्हणाला, आणि माझ्याच पाईच्या पोटात व्हिएतनाम. दोन दिवस त्याने मिरीशिवाय पाई करून पाहिली. बायकोने चव घेतली आणि व्हिएतनामच्या बाजूने मत दिलं.

पुढची अडचण जास्त मोठी होती. संघात पाठवायचं मांस मान्यताप्राप्त जागेतच शिजवावं लागतं, आणि डेझमंडचं दुकान त्या यादीत नव्हतं. यादीतला सगळ्यात जवळचा कारखाना तीस मैलांवर. त्यांनी आम्हाला एक ओटा आणि एक भट्टी गुरुवारी सकाळी चार तास द्यायचं कबूल केलं, पण तिथले सोवळ्याओवळ्याचे नियम कडक. डोक्याला जाळी, बुटांना पिशव्या, आणि दाढी असेल तर दाढीलाही जाळी. डेझमंडची दाढी त्यांच्या जाळीत मावेना. शेवटी त्यांनी कांद्याच्या पोत्यासारखी एक लांब जाळी शोधून काढली आणि ती त्याच्या दोन्ही कानांना अडकवली. तो आरशासमोर बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, चांगलं दिसतंय. तो म्हणाला, तू गप बस.

त्याच्याही आधी पाट भाजावा लागला होता, ते सांगायचं राहिलंच. पाई ठेवायचा ओकचा एक पाट आहे, त्यावर दोन्ही गावांची नावं कोरलेली आहेत. एजंटच्या मते माल ज्यावर ठेवून जातो ते लाकूड म्हणजे खोकं, आणि खोक्याचं लाकूड किडे मरेपर्यंत तापवून त्यावर छाप मारून घ्यावा लागतो. पन्नास वर्षांत त्या पाटावर पाईशिवाय कुणी बसलेलं नाही हे त्याला पटेना. पाट वखारीत जाऊन अर्धा तास भट्टीत बसून आला. थोडा वाकला, पण छाप मिळाला.

कारखान्यात पाईचे कागद करायला डॉक्टर बेर्मेहो आले. गुरांचे डॉक्टर, मूळचे स्पेनमधल्या सारागोसाचे, केंटमध्ये अकरा वर्षं. बुटके, मृदू, बोलताना आधी माफी मागणारे. ते म्हणाले, मी गाईचं बाळंतपण करायला शिकलो आणि आता दिवसभर कागदांची बाळंतपणं करतो. पाईचं आरोग्य प्रमाणपत्र नऊ पानांचं होतं, अर्धं इंग्रजीत, अर्धं फ्रेंचमध्ये. लागू नसलेलं प्रत्येक वाक्य खोडायचं, प्रत्येक खाडाखोडीवर सही, प्रत्येक पानावर शिक्का. डुक्कर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, त्याच्या शेजारच्या गोठ्यात कुणाला ताप होता का. डेझमंडच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या लग्नाच्या वेळीही नवऱ्यामुलाची एवढी चौकशी झाली नव्हती.

शनिवारी पहाटे पाई एका शीतगाडीतून निघाली, स्कॉटलंडच्या सामन माशांच्या शेजारी. डेझमंडला गाडीत बसायची परवानगी नव्हती, म्हणून मी, तो आणि गार्स्टँगबाई माझ्या गाडीतून शीतगाडीच्या मागे मागे निघालो. बाकीची मंडळी मिनीबसने थेट ओंब्रेवालला गेली. बोटीवर डेझमंड वरच्या मजल्यावर आलाच नाही. खाली गाड्यांपाशी जाऊ देत नाहीत म्हणून जिन्याच्या दारापाशी उभा राहिला.

कॅलेच्या तपासणी केंद्रात सकाळी दहाला आमचं नाव पुकारलं. मालाबरोबर एक प्रतिनिधी आत येऊ शकतो. डेझमंडला फ्रेंच येत नाही, म्हणून दुभाषा म्हणून मीही गेलो. आत पांढऱ्या झग्यात निरीक्षक उभ्या होत्या, गिस्लेन लेमेर. पन्नाशीच्या, उंच, हसू जपून वापरणाऱ्या. डेझमंड मुठी आवळून तयारीत होता. त्याने वाटेत चार वाक्यं पाठ केली होती, त्यातली तीन भाषांतर करण्याजोगी नव्हती.

लेमेरबाईंनी आधी पाईचं वजन केलं. मग तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. खाली वाकून कडा पाहिली, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. लांब सुई खुपसून मधलं तापमान घेतलं, कडेचं घेतलं, दोन्ही लिहिलं. डेझमंडच्या मुठी सैल झाल्या. तो पुढे सरकला.

मग त्यांनी सुरी घेतली. नियमाप्रमाणे रंग, वास आणि चव तपासायची असते.

"तिथून नको," डेझमंड एकदम म्हणाला. "त्यांना सांग, कणकेच्या शिवणीवरून कापायची. तिथून कापली तर जेली ओघळते."

मी सांगितलं. लेमेरबाईंनी सुरी थांबवली, शिवण कुठे आहे ते विचारलं आणि त्याने बोट दाखवलं तिथून कापली. जेली जागची हलली नाही. त्यांनी मान हलवली. तुकडा उजेडात धरला, हुंगला, जेलीची जाडी पट्टीने मोजली, आणि मग खाल्ला. हळूहळू, भिंतीकडे बघत. डेझमंड श्वास घ्यायचा थांबला होता. त्यांनी कागद ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

"काय लिहिलंय?" त्याने मला कोपराने ढोसलं.

मी वाकून वाचलं. "मांस राखाडी-गुलाबी, एकजीव. जेली पारदर्शक, घट्ट, सात मिलिमीटर. कवच एकसारखं भाजलेलं. वास निर्दोष. चव..." इथे त्यांचं अक्षर जरा लागेना. "चव पूर्ण."

डेझमंडने ते मला पुन्हा वाचायला लावलं.

मग लेमेरबाईंनी स्वतःहून विचारलं की जेली कशाची करता. पायांची, सहा तास उकळून. पुढच्या की मागच्या? डेझमंड माझ्याकडे बघतच राहिला. सेहेचाळीस वर्षांच्या धंद्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. गावात लोक पाई घेतात, पिशवीत टाकतात आणि हवेबद्दल बोलतात. मग जे सुरू झालं त्याचं भाषांतर करता करता मला फेस आला. मागच्या पायांत चीक जास्त, पुढच्यांत चव जास्त. लेमेरबाईंच्या आजोळी डुकराच्या डोक्याचा असाच एक प्रकार करतात, त्यात व्हिनेगर घालतात. व्हिनेगर किती? उकळीआधी की नंतर? मिरीचा विषय निघाला. व्हिएतनाम, डेझमंड खाली मान घालून म्हणाला. चांगली असते ती, लेमेरबाई म्हणाल्या. त्याच्या मानेवरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

वीस मिनिटांनी त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं आणि पानं उलटू लागल्या. सातव्या पानावर थांबल्या.

शिक्क्याची शाई छपाईच्या रंगापेक्षा वेगळी हवी, असा नियम आहे. आठ पानांवर शिक्का हिरवा होता. सातव्यावर काळा. छपाईही काळी.

त्यांनी शांतपणे समजावलं. हे पान ग्राह्य धरता येत नाही, म्हणजे प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही, म्हणजे पाई सोडता येत नाही. एक तर ती नष्ट करायची. किंवा सहा वाजता केंद्र बंद व्हायच्या आत नवं प्रमाणपत्र आणायचं, मूळ कागद, फोटो चालणार नाही. किंवा परत पाठवायची. पण इथून ब्रिटनमध्ये गेली तर ती तिथे आयात ठरणार का, ठरली तर तिच्या आरोग्याचा दाखला कोण देणार, हे त्यांनाही नक्की सांगता येईना. आपल्याच घरी परदेशी होऊन गेलेली पाई त्यांनी अजून पाहिली नव्हती.

मी डेझमंडकडे बघायचं टाळत होतो. आता स्फोट होणार हे नक्की होतं.

"बरोबर आहे बाईंचं," डेझमंड म्हणाला. "सातव्या पानाचं चुकलंच आहे. नियम म्हणजे नियम."

मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं.

मी बाहेर येऊन डॉक्टर बेर्मेहोंना फोन लावला. ते मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीला गेले होते. मागे शिट्ट्या वाजत होत्या. सातवं पान म्हटल्यावर ते शिट्ट्यांपासून लांब गेले. मग त्यांनी कबूल केलं की सातव्या पानाशी हिरवं पॅड सुकलं होतं, टेबलावर दुसरं होतं ते उचललं, आणि नंतर नवं हिरवं मिळालं. त्यांनी तीनदा माफी मागितली आणि म्हणाले की तासाभरात नवे कागद करून डोव्हरच्या बंदरावर उभा राहतो. पलीकडून न्यायला कुणीतरी या.

मी निघालो असतो, पण दुभाषा मीच. डेझमंड पाईला सोडून हलायला तयार नव्हता. गार्स्टँगबाईंनी पर्स खांद्याला लावली, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा कागद ठेवायला घेतला आणि चालत बोटीवर गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर.

त्या प्रवासाची हकिकत आम्हाला नंतर त्यांच्याच तोंडून कळली. फ्रान्समधून निघताना पासपोर्टवर शिक्का. डोव्हरला उतरल्यावर डॉक्टर फाटकापाशीच उभे, एका हातात कागद, दुसऱ्या हातात हिरवं, निळं आणि लाल अशी तीन नवी पॅडं, आणि शेजारी ओल्या केसांची मुलगी, दुसरा नंबर आलेली. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी नऊची नऊ पानं तपासली, वह्या तपासायच्या तशी. चौथ्या पानावर फ्रेंच बाजूला गावाच्या नावात एक अक्षर कमी सापडलं. खाडाखोड, सही, शिक्का. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. बाई म्हणाल्या, तुमचा सात चुकतो, आधी तो सुधारा.

पुढच्या बोटीने त्या परत निघाल्या. फ्रेंच पोलिसाने पासपोर्ट पाहून विचारलं की आज सकाळीच तर तुम्ही फ्रान्समध्ये आला होता, दुपारी गेलात, आता पुन्हा का? बाईंनी खरं तेच सांगितलं. पाईचं सातवं पान आणायला गेले होते. पोलिसाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

इकडे म्हातारे देल्प्लांक दर अर्ध्या तासाने फोन करत होते. ओंब्रेवालला शंभर माणसं दुपारच्या जेवणाला बसून उठली होती. तीनच्या सुमाराला ते स्वतःच चार माणसं आणि एक बाक घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर येऊन बसले. तुरुंगातून सुटणाऱ्याला न्यायला घरचे येतात तसे. डेझमंड तासातासाने चार नंबरच्या शीतघराच्या काचेतून पाई बघून येत होता. लेमेरबाईंनी त्याला मुभा दिली होती, आणि एकदा स्वतःबरोबर कॉफीही. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि मी जवळ नव्हतो, तरी परत आला तेव्हा व्हिनेगर उकळीनंतर घालायचं हे त्याला कळलेलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी बाई बिस्किटांचा डबा छातीशी धरून आल्या. लेमेरबाईंनी नऊ पानं सावकाश उलटली. मग आपला शिक्का उचलला आणि मारला. पाई सुटली. जाताना डेझमंडने हळूच मला विचारायला लावलं की तपासणीच्या अहवालाची एक प्रत मिळेल का. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तो नुसताच लाल झाला. त्यांनी प्रत दिली.

सात वाजता ओंब्रेवालच्या चौकात टेबलं लागली. ऊन अजून भरपूर होतं. वाकलेल्या पाटावर पाई जरा डुगडुगत होती आणि तिचा एक तुकडा गेलेला होता. कुणीतरी विचारलं, हा कुणी खाल्ला?

"सरकारने," डेझमंड म्हणाला. "सरकारला आवडली."

भाषणं झाली, टाळ्या झाल्या, प्रत्येकाच्या ताटात फोड आली. मी देल्प्लांकांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी आपली फोड संपवली, ओठ पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आले.

"लायोनेल, आपण जुने मित्र. एक सांगू का? आमच्या गावात ही कुणालाच आवडत नाही."

मी काटा खाली ठेवला.

ते म्हणाले, चौऱ्याहत्तर साली पहिल्यांदा खाल्ली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पाहुणे एवढं ओझं घेऊन आलेले, तोंडावर कसं सांगणार? मग दुसऱ्या वेळी तर आणखीच कठीण झालं. थंडगार मांस, त्यात ती जेली. माझी बायको दर वेळी रुमालात घेऊन कुत्र्याला घालायची. बावीस साली कॅलेला अडवली तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, आता कायदाच आडवा आला, कुणाचं मन मोडलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही कोंबडी केली होती, तुम्ही झोपल्यावर खाल्ली.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज दोन फोडी खाल्ल्या. बाईंनी एका दिवसात तीनदा समुद्र ओलांडला. आज कुत्र्याला कशी घालणार?"

समोर डेझमंड एका मुलीला शिवणीवरून कसं कापायचं ते दाखवत होता. मी देल्प्लांकांना म्हटलं की हे माझ्यापाशीच राहील. तेव्हा मलाही त्यांच्या चीजबद्दल एक गोष्ट सांगता आली असती, पण एका संध्याकाळी एवढं खरं पुरे.

रविवारी परत निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या गाडीत चीजचं चाक घातलं. या वर्षापासून आपल्या बाजूलाही तपासणी सुरू झाली आहे असं डेझमंडने वर्तमानपत्रात वाचलं होतं, म्हणून तो डोव्हरला उतरताना कोट नीट करून, चीज मांडीवर घेऊन बसला. कस्टमच्या माणसाने हात हलवून गाडी पुढे घालायला सांगितलं. डेझमंडने मला गाडी थांबवायला लावली आणि काच खाली केली.

"आमच्याकडे चीज आहे. तपासायचं नाही?"

तो माणूस म्हणाला, व्यापाऱ्यांच्या मालाची तपासणी असते, साहेब. घरगुती नेताय ना? न्या.

"निदान तापमान तरी घ्या."

त्या माणसाने मागच्या गाड्यांची रांग पाहिली, मग मागच्या सीटवरच्या गार्स्टँगबाईंकडे मदतीसाठी पाहिलं. बाईंनी त्याला सांगितलं की एकदा वास घे म्हणजे आम्ही जाऊ. त्याने वाकून वास घेतला, झटकन ताठ झाला आणि म्हणाला, जा, लवकर जा. डेझमंड ॲशफर्ड गाव येईपर्यंत कुरकुरत होता की आपल्या देशात कामाची कदरच नाही, त्या बाईंनी बघ कशी पट्टी लावून मोजली होती. अहवालाची प्रत आता त्याच्या दुकानात आहे, फ्रेममध्ये, जिथे पूर्वी तो फलक होता तिथे. गिऱ्हाइकांना फ्रेंच येत नाही, म्हणून तो स्वतः वाचून दाखवतो. फ्रेंच त्यालाही येत नाही.

मंगळवारी समितीची बैठक झाली. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले, डॉक्टर बेर्मेहोंना एक हिरवं पॅड भेट पाठवायचं ठरलं. मग डेझमंड उभा राहिला. त्याला बैठकीत उभं राहिलेलं आम्ही प्रथमच पाहत होतो. तो म्हणाला की एवढे कागद करायचेच आहेत तर एकीसाठी करा नाही तर दोघींसाठी करा, मेहनत तेवढीच. तेव्हा पुढच्या खेपेला ओंब्रेवालला दोन पाई न्याव्यात. तिथल्या लोकांनी शनिवारी कशी चाटूनपुसून खाल्ली ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे.

खोलीत आनंदाची कुजबुज झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लायोनेल, देल्प्लांकांशी तूच बोलत होतास. त्यांना चालेल ना?"

मी वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती, तरी पुन्हा लिहिली.

"आनंदाने," मी म्हणालो.

ठराव एकमताने मंजूर झाला.